पडद्यामागची दहा मिनिटं

वाद्यवृंदाच्या आत : लेखांक ७

मागचा लेखांक शिकागो सिम्फनीच्या ब्रास विभागापाशी थांबला होता, आणि तिथे अडॉल्फ हर्सेथचं नाव ओझरतं आलं होतं. हा माणूस १९४८ साली पहिला ट्रम्पेटवादक म्हणून रुजू झाला आणि २००१ पर्यंत त्याच खुर्चीवर बसून होता. कुबेलिक, राइनर, मार्टिनाँ, सोल्टी, बारेनबॉइम असे एकेक मुख्य कंडक्टर आले. हर्सेथ हलला नाही. त्रेपन्न वर्षं! मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिनच्या तीसेक खुर्च्या असतात, तिथे कोणी ना कोणी निवृत्त होत राहतं. ट्रम्पेटवाले जेमतेम चार, आणि त्यांतला पहिला एकच. शिकागोत ती जागा रिकामी झाली तेव्हा ज्यांनी अर्ज केले असतील, त्यांतल्या बहुतेकांच्या आईवडिलांचं लग्नही हर्सेथ तिथे बसला तेव्हा झालेलं नसेल.

मग अशी खुर्ची मिळते कशी?

खुद्द हर्सेथची कथा आजच्या उमेदवाराला परीकथा वाटावी अशी आहे. मिनेसोटातल्या एका छोट्या गावचा हा मुलगा. पदवी गणिताची, नंतर बोस्टनमध्ये संगीताचं शिक्षण. तिथे शिकत असतानाच शिकागोचे तेव्हाचे कंडक्टर आर्तुर रोजिन्स्की यांचं बोलावणं आलं. त्यांनी त्याला न्यूयॉर्कमधल्या आपल्या राहत्या घरी ऐकलं आणि तिथल्या तिथे शिकागोचा पहिला ट्रम्पेट ठरवून टाकला. समिती नाही, फेऱ्या नाहीत, दुसरा उमेदवारही नाही. गंमत म्हणजे हर्सेथ रुजू होईपर्यंत रोजिन्स्कींचीच शिकागोतून गच्छंती झाली होती. निवड उत्तम निघाली हे खरं, पण पद्धत म्हणून पाहिलं तर तिच्यात आणि आपल्याकडच्या ‘साहेबांनी पाहिलं, साहेबांना पटलं’ यात फरक फारसा नाही.

आज अमेरिकेत असं होत नाही. जागा निघाली की वादकांच्या युनियनच्या मासिकात जाहिरात येते. अर्ज जातात, काहींकडून आधी ध्वनिमुद्रण मागवलं जातं. वाजवायच्या तुकड्यांची यादी हाती पडते आणि पुढचे काही महिने उमेदवार ते तुकडे जगतो. विमानाचं भाडं, हॉटेलचं बिल, सगळं स्वतःच्या खिशातून. ठरल्या दिवशी चिठ्ठी काढून त्याला क्रमांक मिळतो, आणि तिथून पुढे त्याला नाव नसतं. सभागृहाच्या वाटेवर गालिचा अंथरलेला असतो. तो पाहुण्यांच्या स्वागतासाठी नव्हे, बुटांच्या टाचा वाजू नयेत म्हणून. टाचांच्या आवाजावरून बाई की पुरुष हे ओळखता येतं. पलीकडे उंच पडदा आणि पडद्यामागे वादकांची निवड समिती. उमेदवाराने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काही विचारायचं झालं तर सोबतच्या कर्मचाऱ्याच्या कानात कुजबुजायचं, मग तो मोठ्याने विचारणार. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं मिळतात. समितीला कंटाळा आला तर त्याहूनही कमी.

वाजवायचं काय? सुरुवात बहुधा हायडनच्या १७९६ सालच्या ट्रम्पेट कॉन्चेर्तोने. अवघड म्हणून नव्हे, उघडा म्हणून. त्यात लपायला आडोसा नाही. त्यानंतर ‘तुकडे’: सिम्फनीच्या भल्यामोठ्या रचनांमधून ट्रम्पेटचे तेवढेच भाग काढून, बाकी वाद्यांशिवाय, एकट्याने वाजवायचे. बेथोव्हेनच्या ‘लिओनोर’ क्रमांक ३ मधली रंगमंचाबाहेरून येणारी ललकारी. मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ला रावेलने १९२२ साली वाद्यवृंदाचा साज चढवला, त्याची सुरुवातच एकट्या ट्रम्पेटने होते. माणूस चित्रं पाहत रमतगमत चालला आहे, आणि मात्रा मात्र पाच, मग सहा, मग पुन्हा पाच. स्ट्राविन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’तला बाहुलीचा नाच. आणि जवळजवळ प्रत्येक यादीत असलेली माहलरच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात.

हिच्यापाशी जरा थांबू. सभागृह चिडीचूप आणि पहिला सूर एकट्या ट्रम्पेटचा. तीन आखूड सूर, एक लांब. पुन्हा तीन, पुन्हा एक. शवयात्रेची चाल. जवळपास डझनभर मापं ट्रम्पेट एकटा चढत जातो आणि मग सगळा वाद्यवृंद अंगावर कोसळावा तसा येतो. माहलरने स्वरलिपीत तळटीपच देऊन ठेवली आहे: हे तीन सूर लष्करी बिगुलासारखे, किंचित घाईत वाजवा. आता ‘किंचित’ म्हणजे किती? घाई कमी पडली तर ते शाळकरी वाटतात, जास्त झाली तर चौथा सूर वेळेआधी येतो. पडद्यामागचे लोक हे तीन सूर आयुष्यभर ऐकत आलेले असतात. पहिल्या पाच सेकंदांत निम्मा निकाल लागतो असं म्हणतात, त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

ट्रम्पेट इतका निर्दय का, हे त्या नळीच्या रचनेतच आहे. कळा तीनच. त्या दाबण्याच्या जोड्या मोजल्या तर आठ, त्यातही दोन जवळपास सारख्या. मग एवढे सूर येतात कुठून? ओठांतून. एकच कळ दाबून, ओठांचा ताण आणि हवेचा वेग बदलून, अनेक वेगवेगळे सूर निघतात. खालच्या पट्ट्यात हे सूर एकमेकांपासून लांब असतात. वर जावं तसे दाटीने बसतात. म्हणजे जिथे ट्रम्पेटचं खरं तेज, तिथेच केसाएवढी चूक झाली की शेजारचं दार उघडतं. हार्मोनियमवर बोट चुकलं तर चुकीचा पण धड सूर वाजतो. इथे सूर चिरकतो, आणि तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

त्यात भर पट्टी बदलण्याची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळांचा शोध लागेपर्यंत ट्रम्पेट एका पट्टीत अडकलेला असायचा, आणि संगीतकार त्या त्या पट्टीसाठी लिहायचे. ती सवय पुढेही टिकली. अमेरिकन वादकाच्या हातात असतो ‘सी’चा ट्रम्पेट, समोरच्या कागदावर सूर लिहिलेले ‘एफ’च्या ट्रम्पेटसाठी, आणि मधला हिशेब डोक्यात, वाजवता वाजवता. गायकाने ऐन मैफलीत काळी दोनऐवजी पांढरी चार सांगितल्यावर न अडखळणारे संगतकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कसबाची कल्पना येईल. कागद पाहताक्षणी वाजवण्याच्या अशाच हुनरावर गोव्याच्या चर्चमधल्या संगीतशाळांतून शिकलेले वादक मुंबईच्या सिनेसंगीतात शिरले. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यांतलं गाजलेलं नाव. माहलर त्याच्या वाट्याला आला नाही, ‘अलबेला’ सिनेमा आला.

पडद्याकडे परत येऊ. बोस्टन सिम्फनीने तो १९५२ साली लावला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तो अमेरिकेत सर्रास झाला. त्याआधी बाईच्या हाती ट्रम्पेट हीच कल्पना अनेकांच्या पचनी पडत नव्हती. सिनसिनाटीत मारी स्पेझियाले १९६४ पासून वाजवत होत्या, आणि १९७३ साली सुझन स्लॉटर सेंट लुईस सिम्फनीच्या पहिल्या ट्रम्पेट झाल्या. एवढ्या मोठ्या अमेरिकन वाद्यवृंदात तो मान मिळालेल्या त्या पहिल्याच स्त्री. २०१० पर्यंत त्या तिथे होत्या.

पण पडदा काय करू शकतो आणि काय करू शकत नाही, हे ट्रम्पेटच्या शेजारच्या वाद्याने अधिक ठसठशीतपणे दाखवलं. १९८० साली म्युनिक फिलहार्मोनिकने ट्रॉम्बोनच्या जागेसाठी पडदा लावला. बोलावण्याचं पत्र ‘हेर ॲबी कोनंट’ अशा नावाने गेलं होतं. ‘हेर’ म्हणजे श्रीयुत. तेहतीस उमेदवारांमधून निवड झाली आणि पडद्याआडून श्रीयुत नव्हे, श्रीमती बाहेर आल्या. दोन वर्षांत त्यांना पहिल्या जागेवरून दुसऱ्या जागेवर ढकलण्यात आलं. कोनंट न्यायालयात गेल्या. फुप्फुसांची ताकद सिद्ध करायला वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या आणि तेरा वर्षं झगडून जिंकल्या. पडद्याने त्यांना निवडलं होतं. पडदा सरकल्यावर जे घडलं त्याला पडदा काय करणार?

उलट बाजूचा युक्तिवादही अलीकडे जोर धरतो आहे. २०२० साली न्यूयॉर्क टाइम्सचे संगीत समीक्षक अँथनी टोमासिनी यांनी लिहिलं की कृष्णवर्णीय वादक आजही इतके कमी असतील, तर हा पडदाच काढावा आणि निवड डोळे उघडे ठेवून करावी. आकडे त्यांच्या बाजूने बोलतात: शिकागो सिम्फनीत पहिला आफ्रिकन-अमेरिकन सदस्य आला तो २००२ साली, टाज लार्सन, आणि तोही ट्रम्पेटवादकच. तरीही मला टोमासिनींचं पटत नाही. पडद्यापर्यंत पोहोचणाऱ्यांची रांगच जर एकसारखी असेल तर दोष रांगेचा. वाद्य कोणाच्या घरात येतं, शिकवणीची फी कोण भरतं, हे पडद्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. हां, पडदा शेवटपर्यंत राहतो कुठे, हा प्रश्न मात्र रास्त आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तो अखेरपर्यंत असतो; बऱ्याच ठिकाणी अंतिम फेरीत सरकवतात.

युरोपात तर वेगळाच कारभार. बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये सगळा वाद्यवृंद समोर बसतो आणि मत देतो. कंडक्टर कितीही मोठा असो. १९८२-८३ मध्ये कारायानसारख्या सम्राटाने झबिने मायर या क्लॅरिनेटवादक तरुणीसाठी हट्ट धरला, आणि वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी ‘नको’ म्हटलं. तिथे ट्रम्पेटही निराळा. अमेरिकेत सरळ खाली दाबायच्या कळा, तर जर्मनी-ऑस्ट्रियात फिरत्या झडपांचा ट्रम्पेट, आवाजाला गोल आणि मऊ. अमेरिकेत घडलेल्या उमेदवाराला बर्लिनसाठी वाद्याचा हातच नव्याने बसवावा लागतो.

हे सगळं चालू असताना ओठांचं गणित वेगळंच चालू असतं. ओठ हा स्नायू. सकाळी सात वाजता जास्त सराव केला तर बारा वाजता पाळी येईपर्यंत तो थकतो, आणि कमी केला तर उघडत नाही. पाळी कधी येईल याचा भरवसा नाही. तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात. अमेरिकेतल्या सिम्फनी वादकांच्या संघटनेने १९८७ साली पाहणी केली तेव्हा दोन हजारांवर वादकांपैकी २७ टक्क्यांनी हृदयाचे ठोके आवरणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या घेतल्याची कबुली दिली होती. आणि एवढं करून निकाल काय लागेल? पुष्कळदा ‘कोणीच नाही’. समितीला कोणी पसंत पडत नाही, जागा रिकामी राहते, सगळे आपापल्या विमानाने घरी जातात आणि काही महिन्यांनी तीच जाहिरात पुन्हा येते. हर्सेथनंतर शिकागोची खुर्ची ख्रिस्तोफर मार्टिनपर्यंत स्थिरावायला २००५ साल उजाडलं. २०१६ मध्ये तेही न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या पहिल्या खुर्चीवर गेले.

जिंकलेल्याचीही सुटका लगेच होत नाही. एक-दोन वर्षं परीक्षेचा काळ असतो, आणि त्यात जे तपासलं जातं ते पडद्यामागे कोणी विचारलेलंच नसतं. शेजारच्या हॉर्नच्या सुरात स्वतःचा सूर मिसळतो का? दुसऱ्या ट्रम्पेटला श्वास घ्यायला जागा ठेवतो का? आणि मुख्य म्हणजे, गप्प बसता येतं का? माहलरच्या पाचव्या सिम्फनीत त्या पहिल्या ललकारीनंतर तासाभरात चौथा भाग येतो, आडाजिएत्तो. त्यात फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. नऊ-दहा मिनिटं ट्रम्पेटवाला वाद्य मांडीवर घेऊन बसलेला. नळी थंड झाली तर सूर उतरतो, म्हणून तो अधूनमधून ती ओठांशी नेतो आणि तिच्यात आवाज न करता नुसता ऊन श्वास सोडतो.