गवत कापायचे मशीन आणि घरातले सोने

सराफ्यातल्या गल्लीत बाग करायला जागा नाही. फार तर गच्चीवर चार कुंड्या, त्यातली एक तुळशीची. बागा आहेत त्या सिव्हिल लाइन्स, नेपियर टाउन आणि छावणीतल्या जुन्या बंगल्यांपुढे, आणि अलीकडच्या वसाहतींमध्ये. तरीही जबलपुरात माळीकामाचा धंदा वाढवायचा म्हटले की पाय सराफ्याकडे वळतात. मशीनला पैसे लागतात आणि घरात पैसा असतो तो बांगड्यांच्या किंवा गोफाच्या रूपात. सराफ्यात याला 'गिरवी' म्हणतात, आपल्या मराठी घरांत 'गहाण'.

तो दागिना मशीनसाठी ठेवावा की नाही, हे बसून मोजता येते. खालचे आकडे समजुतीसाठी धरले आहेत. आपण त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, तुम्ही दहा घरांची बाग सांभाळता. प्रत्येक घरी महिन्याला चार फेऱ्या, घरटी 1,000 रुपये, म्हणजे महिन्याला 10,000. हिरवळ हाताच्या कात्रीने कापता, एका बंगल्यात अर्धा दिवस जातो. दहाच्या वर घरे घेणे शक्य नाही. 30,000 रुपयांचे पेट्रोलचे मशीन घेतले तर तेच काम तासाभरात होईल.

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मशीन आले म्हणून जुनी दहा घरे जास्त पैसे देणार नाहीत. त्यांना गवत कापलेले हवे असते, ते कशाने कापले याच्याशी त्यांना देणेघेणे नाही. मशीनमुळे वेळ वाचतो, आणि त्या वेळेत नवे घर मिळाले तरच हाती पैसा येतो. म्हणून मशीनचा सगळा खर्च नव्या घरांच्या कमाईतून निघाला पाहिजे.

महिन्याला पेट्रोल 900 रुपये आणि पाते, तेल, दुरुस्ती मिळून 375 रुपये धरू. चार नवी घरे मिळाली तर 4,000 येतात आणि हा खर्च वजा जाता 2,725 उरतात. आता कर्ज पाहू. सोनेतारण कर्जाची मुदत बहुधा एक वर्षाची असते आणि मुद्दल बरेचदा शेवटी एकदम फेडायचे असते. वर्षात 30,000 जमवायचे म्हणजे महिन्याला 2,500 बाजूला काढणे आले. बँकेचे व्याज वर्षाला 10 टक्के धरले तर महिन्याला 250. दोन्ही मिळून 2,750. म्हणजे चार नवी घरे मिळूनही महिन्याला 25 रुपये कमीच पडतात, आणि ते वर्षभर घरात एक पैसा न आणता.

हेच कर्ज सावकाराकडून शेकडा दोन रुपये महिन्याने घेतले तर? 'शेकडा दोन' ऐकायला हलके वाटते, पण ते वर्षाला 24 टक्के झाले. महिन्याचे व्याज 600, आणि तूट 375 रुपयांची.

नवी घरे तीनच मिळाली, तर बँकेचे कर्ज असूनही महिन्याला सुमारे 1,000 रुपये कमी पडतात. वर्षाअखेरीस बारा हजारांच्या वर कमी भरतील. मग व्याज भरून कर्ज पुढे ढकलायचे, नाहीतर दागिना लिलावात जाणार.

याच मशीनसाठी बँकेत मुद्रा योजनेतले 'शिशु' कर्ज मागता येते. ही योजना 8 एप्रिल 2015 ला सुरू झाली. शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि त्याला तारण लागत नाही. समजा ते तीन वर्षांच्या मुदतीने 11 टक्क्यांवर मिळाले, तर हप्ता साधारण 980 रुपये. तीन नव्या घरांतून खर्च जाऊन 1,725 उरतात. हप्ता निघून वर 700-750 हाती राहतात. व्याजाचा दर सोनेतारणापेक्षा थोडा जास्त असूनही हे कर्ज झेपते, कारण मशीन चार वर्षे चालणार आणि कर्ज तीन वर्षांत फिटणार. एका वर्षाच्या कर्जावर चार वर्षांची वस्तू घेतली की ओढाताण ठरलेली. दर सगळेच विचारतात, मुदत फार थोडे विचारतात.

मुद्रासाठी बँक धंद्याचा पुरावा मागते. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते आणि सरकार तिचे पैसे घेत नाही. कोणी त्याची 'सरकारी फी' सांगितली तर देऊ नका. त्याहून उपयोगी पुरावा म्हणजे खात्यात दरमहा येणारे पैसे. म्हणून गिऱ्हाइकांकडून रोख घेण्याऐवजी यूपीआयने घ्यायची सवय आजच लावा, तीही घरखर्चाहून वेगळ्या खात्यात.

आता ऋतूंचे. जबलपुरात पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि सप्टेंबर सरेपर्यंत गवत हाताबाहेर वाढते. त्या महिन्यांत कापायला फुरसत नसते. थंडीत हरळी पिवळी पडते, काम फुलांच्या वाफ्यांकडे आणि कुंड्यांकडे वळते. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर, मालक गावाला गेलेले. 'या महिन्यात तर काही कापलेच नाही, पैसे कसले?' हे वाक्य ऐकले नाही असा माळी विरळा. खरे तर मेमध्ये बाग जगवणे हेच कठीण काम, पण ते दिसत नाही.

यावर उपाय असा की फेऱ्यांवर पैसे न ठरवता वर्षाचा करार करावा आणि रक्कम बारा सारख्या हप्त्यांत घ्यावी. साधा कागद पुरे. पावसाळ्यात किती फेऱ्या, उन्हाळ्यात किती, खत-औषध कोणाचे, मालक बाहेरगावी असताना पाण्याची चावी कोणाकडे, हे त्यात लिहावे. मालकालाही हे सोयीचे, कारण पावसाळ्यात जादा पैसे मागितले जाणार नाहीत. काही जण नाही म्हणतील, त्यांच्याकडे पूर्वीसारखे चालू द्या. पण कर्ज काढायचे असेल तर मोजताना फक्त कागद झालेली नवी घरे धरा. 'बघू, तुम्हालाच सांगू' म्हणणारी घरे धरू नका.

नवी हिरवळ लावायचे काम आले की एकदम मोठी उचल मिळते, आणि मोह तिथेच होतो. त्या उचलीत माती, शेणखत, रोपे आणि मजुरांचे पैसे असतात. ती आपली कमाई नव्हे. घरात लग्नकार्य असले की ती तिकडे जाते, मग नर्सरीत उधारी होते. शिवाय काही रोपे मरतात आणि ती पुन्हा लावून देणे आपल्यावर येते. काम संपून महिना झाल्यावर जे उरेल ते खरे. हिरवळीचे काम पावसाच्या तोंडावर घेतले तर मर कमी होते, हाही पैशाचाच भाग.

कर्ज मुळीच नको असेल तर बँकेत महिन्याला 2,500 ची आवर्ती ठेव लावा. एका वर्षात मशीनचे पैसे जमतात, थोडे व्याजही मिळते. दहा घरांच्या कमाईत हे जड जाईल. मग 1,250 ची लावा, दोन वर्षे कात्री चालवा आणि मोठ्या हिरवळीच्या दिवशी मशीन भाड्याने मिळते का पाहा. मशीन कोणाचेही असो, पाते हाताला किंवा पायाला लागू शकते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत अपघाती मृत्यूसाठी 2 लाखांचे संरक्षण मिळते. कायमच्या अपंगत्वासाठीही रक्कम मिळते.

एवढे करूनही सोने ठेवायचेच ठरले, तर ते बँकेत ठेवा. सावकाराकडे जायचे झालेच तर त्याची नोंदणी आहे का ते पाहा आणि लेखी हिशेब मागा. बँकेत दागिन्याची पारख तुमच्यासमोर झाली पाहिजे. किंमत सोन्याची धरली जाते, खड्यांची नाही. म्हणून पावतीवर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहिले आहे का ते वाचा. रिझर्व्ह बँकेने जून 2025 मध्ये काढलेल्या नियमांनुसार पूर्ण कर्ज फिटल्यावर दागिना त्याच दिवशी, किंवा जास्तीत जास्त सात कामाच्या दिवसांत परत द्यायचा आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे. सोडवायला जाताना मूळ पावती बरोबर न्या आणि काउंटर सोडण्याआधी दागिना पुन्हा तोलून घ्या.