वानवळा : शरदातल्या वाटणीची गोष्ट

आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने. पाऊस उघडलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात, भुईमूग काढणीला येतो, भात पिवळे पडते आणि परड्यातल्या घेवड्याला फुले लागतात. वर्षातला हा सर्वांत भरल्या हाताचा काळ. आपले घट, दसरा, कोजागिरी आणि दिवाळी हे सणही याच काळात ओळीने येतात. या ऋतूच्या आनंदामागे आपल्याकडे एक जुनी रीत आहे आणि तिला मराठीत नेमका शब्द आहे : वानवळा. शेतात किंवा परड्यात नवे काही पिकले, की ते बाजारात जाण्याआधी त्यातले थोडे शेजारी, पाहुणे आणि स्नेह्यांकडे पोचवायचे, तो वानवळा. तो मोजून द्यायचा नसतो आणि त्याची किंमत विचारायची नसते. इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या गावात ही रीत कशी टिकली आणि आज ती कशामुळे अडचणीत आली आहे, हे मला या लेखात पाहायचे आहे.

सुरुवात शिकारीपासून करावी लागते, कारण वाटणीचा नियम तिथे जास्त जुना आणि जास्त कडक दिसतो. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथा सप्तशती’त भाताची राखण करणाऱ्या स्त्रिया आहेत, तसे व्याधही आहेत. बाराव्या शतकातला कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात मृगया, मासेमारी आणि पाकक्रिया यांचे सविस्तर वर्णन आहे. म्हणजे शिकार, शेती आणि स्वयंपाक हे विषय जुन्या लेखकांना एकमेकांपासून फार दूरचे वाटत नव्हते. गावगाड्यात शिकारीला आणखी एक कारण होते. ज्वारी-भुईमूग तयार होऊ लागले की रानडुकरे शेतात उतरत आणि एका रात्रीत पीक उद्ध्वस्त करत. ज्याचे पीक वाचायचे तो आणि हाकारे घालणारे सगळेच मग वाट्याचे धनी होत. शिरोळ तालुक्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मी ऐकले आहे, की मारणाऱ्याला एक वाटा जास्त मिळे, पण कुत्र्यांचा वाटा काढल्याशिवाय वाटणी पुरी होत नसे.

या विद्येचे खरे जाणकार मात्र फासेपारधी. तितर कुठे बसतो, ससा कोणत्या वाटेने परततो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि पुढे पारध्यांनाही त्याची झळ बसली. राजर्षी शाहू महाराज स्वतः नामांकित शिकारी होते. रानात त्यांचा या माणसांशी संबंध आला. त्यांनी पारध्यांना संस्थानात कामे दिली आणि १९१८ मध्ये अशा जमातींवरची हजेरीची सक्ती रद्द केली. बाकी देशात हा शिक्का कायद्याने पुसला जायला १९५२ साल उजाडले.

संस्थानी शिकारीची दुसरी बाजूही सांगायला हवी. कोल्हापुरात आफ्रिकेतून आणलेले चित्ते पाळून, शिकवून काळविटांवर सोडले जात. तो थाट पाहण्यासारखा असेल, पण देशातला चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले आणि आपल्या माळांवरचा काळवीटही दिसेनासा झाला. संस्थानची शिकारीची राखीव जागा असलेले दाजीपूरचे रान १९५८ मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपला. ते योग्यच झाले. जो आनंद जनावर संपल्यावर संपतो, त्याची हळहळ करण्यात अर्थ नाही. जपण्यासारखी होती ती वाटणी, आणि ती शेतात व परड्यात चालूच राहिली.

जुन्या जिरायत रानात एकच पीक क्वचित असे. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, मटकी, चवळी. बांधावर तीळ, अंबाडी, भेंडी. पाटाच्या कडेला कोथिंबीर आणि मेथी. परड्यात दोडका, पडवळ, भोपळा आणि वरणा, म्हणजे इतर भागांत ज्याला वाल किंवा पावटा म्हणतात तो. या बारीकसारीक पिकांचा हिशेब बहुधा घरातल्या बाईकडे असे आणि वानवळाही तिच्याच हातून जाई. ज्याच्याकडे जे नाही ते त्याला मिळे. वानवळ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, हा त्याला जोडलेला नियम. त्या डब्यातून पुष्कळदा बियाणे परत येई. एका घरचा वरणा कीड लागून गेला, तरी त्याचेच बी चार घरांत शिल्लक असे. आजच्या भाषेत बियाणे बँक म्हणतात ती अशी विखरून ठेवलेली होती. घटस्थापनेला मातीत मिसळून पेरलेली धान्ये आणि दसऱ्याला टोपीत खोवलेले त्यांचे अंकुर, यातही मला रब्बीच्या पेरणीआधी बी पारखून घेण्याची सोय दिसते.

मग बिघडले कुठे? पहिले कारण ऊस. कालवे, उपसा योजना आणि साखर कारखान्यांनी या भागाला पैसा दिला, हे नाकारता येणार नाही. पण आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा-अठरा महिने रानात उभा राहतो. दोन शरद तो पाहतो आणि तुटतो मात्र कारखान्याच्या पाळीने. शेजाऱ्याला चार कांडी देता येतात, पण त्याने कोणाच्या घरची भाजी होत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास जयसिंगपूरला ऊस परिषद भरते आणि शरदातले बोलणे नव्या भाताऐवजी दराचे असते. दुसरे कारण नदी. पंचगंगेत मरळ, वाम, शिंगाळा धरून ते कालवण वाटून खाणारी माणसे मी पाहिली आहेत. सांडपाण्याने ती नदी अशी झाली, की मेलेल्या माशांचा खच ही नेहमीची बातमी ठरली, आणि २०१२ मध्ये इचलकरंजीने काविळीच्या साथीत माणसे गमावली. तिसरे कारण खुद्द गाव. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग सुरू केला. पुढे माग वाढले, आणि जिथे परडे होते तिथे शेड उभे राहिले.

आम्ही काही मित्र-मैत्रिणी गेली अनेक वर्षे कार्तिकातल्या एका रविवारी टाकवडे-शिरढोणकडच्या एखाद्या रानात जमतो. कोणी मागवाला, कोणी शिक्षिका, कोणी शेतकरी. अट एकच : पानात येणारा निदान एक पदार्थ स्वतः पिकवलेल्या वस्तूचा असावा. गच्चीवर रंगाच्या डब्यांत लावलेली मिरची चालते, बांधावरचा तीळ चालतो. शेंगा तिथेच काट्याकुट्याच्या जाळावर भाजतो, वरण्याची आमटी चुलीवर शिजते, गूळ एका गुऱ्हाळवाल्या मित्राचा. पहिल्या वर्षी बहुतेकांनी मिरची आणि कढीपत्ताच आणला होता. आता निघताना प्रत्येकाच्या हातात कागदाच्या पुड्या असतात, कोणत्या बियाणाच्या आहेत ते पेन्सिलीने लिहिलेल्या. उसातही पहिले तीन महिने भुईमूग किंवा कोथिंबीर घेता येते, हे आमच्यातल्या दोघा शेतकऱ्यांनी पुन्हा करून दाखवले आहे.

एवढ्याने ऊस कमी होणार नाही आणि नदीही निवळणार नाही. त्यासाठी दराचे धोरण आणि सांडपाण्याची प्रक्रिया ही मोठी कामे आहेत. पण बियाणे ज्या वाटेने घरोघर फिरत होते ती वाट बुजली, तर धोरण बदलल्यावर पेरायला काही उरणार नाही. दिवाळीत फराळाची ताटे शेजारी जातात, तोही वानवळ्याचाच शहरात उरलेला धागा आहे. यंदा त्या ताटात चकलीशेजारी घरच्या घेवड्याच्या चार वाळल्या शेंगा ठेवायला हरकत नाही. ताट रिकामे परत येणार नाही, एवढी रीत अजून शिल्लक आहे.