खिशातल्या अ‍ॅम्पचा मागोवा

सप्टेंबर 2016 मध्ये आलेल्या आयफोन 7 मधून 3.5 मिलिमीटरचा हेडफोन जॅक काढून टाकण्यात आला. कंपनीने याला ‘धाडस’ म्हटले. ज्या प्रतिस्पर्ध्यांनी त्याची जाहिरातींतून टिंगल केली, त्यांनीही दोन-तीन वर्षांत तेच मुकाट्याने केले. खिशात बाळगायच्या स्वतंत्र हेडफोन अ‍ॅम्पला तेव्हापासून उतरती कळा लागली.

1979 च्या वॉकमनपासून 2001 च्या आयपॉडपर्यंत सामान्य श्रोत्याला अशा अ‍ॅम्पची गरजच भासली नाही. सोबत येणारे हलके हेडफोन चिमूटभर विजेवर वाजत. प्रश्न उभा राहिला तो 300 ओहम इंपीडन्सचे (विद्युत अडथळ्याचे), घरच्या यंत्रणेसाठी बनवलेले हेडफोन लोक खिशातल्या प्लेअरला लावू लागले तेव्हा. त्यावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी एक साधे सर्किट सर्वांसाठी खुले केले. पेपरमिंटच्या गोळ्यांची पत्र्याची डबी, अर्धी जागा अडवणारी 9 व्होल्टची बॅटरी, आठ पायांचा एक ऑप-अँप आणि झाकणाच्या कडेला भोक पाडून बसवलेले आवाजाचे बटण. डाग देता येणारा कोणीही हौशी माणूस असा अ‍ॅम्प रविवारच्या दुपारी जोडू शके.

पुढचे दशक या यंत्राचे खरे वैभव. 2007 साली चीनमध्ये सुरू झालेल्या फिओने ई5 सारखे चिमुकले अ‍ॅम्प नवशिक्याला परवडतील अशा किमतीत आणले. आयपॉडच्या तीस पिनांच्या खाचेतून निघालेली आखूड केबल आणि प्लेअरच्या पाठीवर रबरबँडने आवळलेला अ‍ॅम्प, हा थाट तेव्हाच्या शौकिनांची ओळख होता. दिसायला ओंगळ, पण प्लेअरचा दुबळा अ‍ॅम्प वगळण्याचा मार्ग सरळ होता. 2011 मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाच्या अभियंत्याने ओ2 या अ‍ॅम्पची संपूर्ण रचना मोजमापांसह जाहीर केली आणि महागड्या अ‍ॅम्पवाल्यांच्या दाव्यांची लक्तरे वेशीवर टांगली. पुढच्याच वर्षी तो गप्प झाला. त्याची मोजमापांची शिस्त बाजाराने उचलली नाही, हे अधिक वाईट.

आज अ‍ॅम्प जॅक नसलेल्या फोनला लावायच्या बोटभर डाँगलमध्ये मावतो आणि तो वाईट नसतो. वाईट आहे ती त्याची जाहिरात. खोक्यावर 32 ओहमवरची शक्ती ठळक छापतात, आउटपुट इंपीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा विद्युत अडथळा, मात्र गाळतात. वास्तविक हा आकडा हेडफोनच्या इंपीडन्सच्या आठव्या भागाहून कमी हवा. 16 ओहमच्या इयरफोनसाठी 2 ओहमपेक्षा कमी. तो जास्त असला की काही इयरफोनचा, विशेषतः अनेक ड्रायव्हर असलेल्यांचा, स्वरच बदलतो.

नवशिक्याने आधी स्वतःच्या हेडफोनचा इंपीडन्स आणि सेन्सिटिव्हिटी पाहावी. 16 ते 32 ओहमचे आणि बऱ्या सेन्सिटिव्हिटीचे इयरफोन फोनवर निम्म्या-पाऊण आवाजातच पुरेसे वाजत असतील, तर वेगळा अ‍ॅम्प घेणे म्हणजे पैसे पाण्यात. 250-300 ओहमच्या हेडफोनला मात्र व्होल्टेज लागते, तेव्हा तिथे निदान दोन व्होल्ट देणारे यंत्र घ्यावे. आणि ज्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात आउटपुट इंपीडन्स छापलेला नाही, ते खोके दुकानातच राहू द्यावे.