समुद्राच्या तळाचा गाळ

नवीन जालन्याची तहान भागविणारा घाणेवाडीचा तलाव निजामी राजवटीत बांधला गेला. कुंडलिका नदीचे पाणी त्यात अडते आणि पाण्याबरोबर वाहून आलेली माती तळाशी बसते. अलीकडच्या अवर्षणांत तलावाचा तळ उघडा पडला, तेव्हा नागरिकांनी पुढाकार घेऊन तेथील गाळ उपसला व शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतांत नेऊन पसरला. टाकाऊ वाटणारा गाळ म्हणजे वस्तुतः वरच्या शिवारांतून निसटलेली जमीन होय, हे या कामाने पुष्कळांच्या ध्यानी आले असेल.

तलावात जी माती अडत नाही ती कुंडलिकेतून दुधनेत, दुधनेतून पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत जाते आणि तिच्यातील काही अंश अखेर बंगालच्या उपसागराला मिळतो. समुद्र हाही या दृष्टीने एक अफाट तलावच आहे. त्याच्या तळाचा मूठभर गाळ हाती घेतला तर तो कोठून आला, हे सांगता येईल काय? सागरी गाळाच्या रसायनशास्त्राचा सारा उद्योग या एका प्रश्नाभोवती फिरतो.

गाळाचे पुरवठादार मुख्यतः तीन. पहिला पुरवठा जमिनीचा. नद्या व वारे माती आणि धूळ आणून टाकतात. दुसरा सागरातील सूक्ष्म जीवांचा. ते मेले म्हणजे त्यांची चुन्याची व गारेच्या जातीची कवचे तळाशी जमतात. किनाऱ्यापासून फार दूर, खोल समुद्रात, हा संचय इतका सावकाश होतो की तेथील तांबड्या मातीचा एक मिलिमीटर थर साठण्यास हजार वर्षे लागतात. तिसरा पुरवठा मात्र वरून येत नाही. तो खालून, पृथ्वीच्या पोटातून येतो.

वज्रेश्वरीची किंवा उनपदेवाची उन्हाळी ज्यांनी पाहिली असतील त्यांना या तिसऱ्या पुरवठ्याची कल्पना करणे कठीण नाही. जमिनीत मुरलेले पाणी खोल जाऊन तापते आणि भेगांवाटे पुन्हा वर येते. महासागरांच्या तळावरून सुमारे ६५ हजार किलोमीटर लांबीची पर्वतरांग गेली आहे. तिच्या माथ्याशी भूकवच दुभंगते, खालचा शिलारस वर येतो आणि त्यापासून नवा बेसाल्ट घडतो. जालन्याच्या काळ्या जमिनीखाली जो काळा पाषाण आहे, त्याच कुळातला हा पाषाण. त्याच्या भेगांतून समुद्राचे पाणी आत शिरते आणि शिलारसाच्या सान्निध्याने साडेतीनशे ते चारशे अंश सेल्सियसपर्यंत तापते. वरच्या पाण्याचा भार शेकडो वातावरणांचा असल्यामुळे इतक्या उष्णतेतही त्याला सहसा उकळी फुटत नाही. हे तप्त पाणी आपल्यातील मॅग्नेशियम पाषाणास देते आणि त्याच्याकडून लोखंड, मँगॅनीज, तांबे, जस्त ही द्रव्ये घेते. नद्या युगानुयुगे समुद्रात मॅग्नेशियम आणीत असूनही ते बेसुमार वाढत नाही, याचे एक मोठे कारण हा व्यवहार होय.

असे पाणी वर उसळून दोन अंशांच्या थंड पाण्यास भेटले की धातू व गंधक यांची संयुगे तत्काळ घट्ट होतात. त्यांचीच धुरांडी उभी राहतात आणि धुरांड्यांतून काळ्या कणांचे लोट निघतात. दिसावयास धूर, परंतु खरोखर ते धातूंच्या संयुगांचे बारीक चूर्ण असते. तांबे व जस्त बहुतांशी झऱ्याजवळच खाली बसतात. लोखंड प्राणवायूशी संयोग पावून गंजासारख्या कणांच्या रूपाने दूर वाहत जाते आणि वाटेत समुद्रजलातील फॉस्फरस, व्हॅनेडियम, आर्सेनिक ही द्रव्ये आपल्या अंगाला चिकटवून घेते. मँगॅनीजचा गंज चढण्यास अधिक अवधी लागतो, म्हणून त्याचा प्रवास सामान्यतः आणखी लांबचा. यास्तव गाळातील या दोहोंच्या प्रमाणावरून झरा जवळ आहे की दूर, याचा अंदाज बांधता येतो.

परंतु येथे एक पेच आहे. लोखंड तर जमिनीच्या मातीतही असते. दख्खनच्या काळ्या पाषाणात ते विशेष भरपूर आहे. मग गोदावरीने आणलेले लोखंड आणि झऱ्याने ओकलेले लोखंड वेगळे ओळखावयाचे कसे? यावरची युक्ती सोपी आहे. जमिनीची माती लोखंडाबरोबर अल्युमिनियम आणि टिटॅनियम आणल्याशिवाय राहत नाही. झऱ्याच्या पाण्यात ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ नसतात. म्हणून ज्या गाळात लोखंड व मँगॅनीज पुष्कळ आणि अल्युमिनियम व टिटॅनियम नाममात्र, तो बव्हंशी पाताळातला माल समजावा.

या परीक्षेचे सामर्थ्य किती, ते इतिहासाने दाखविले आहे. १९६६ साली बोस्ट्रॉम व पीटरसन या शास्त्रज्ञांनी पूर्व पॅसिफिकमधील पर्वतरांगेवरच्या गाळाच्या पृथक्करणावरून तेथे उष्ण उत्सर्ग होत असले पाहिजेत, असे अनुमान काढले. त्या वेळी त्या खोलीवरचा असा एकही झरा कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. १९७७ साली ॲल्विन या पाणबुडीतून उतरलेल्या संशोधकांना गॅलापागोस बेटांजवळ ऊन पाण्याचे झरे आढळले आणि १९७९ साली पूर्व पॅसिफिकमध्येच काळा धूर सोडणारी धुरांडी दिसली. गाळाने दिलेली साक्ष डोळ्यांनी पुढे खरी ठरविली.

जमिनीच्या बाजूची साक्षही तितकीच बोलकी आहे. २००६ साली गोदावरीच्या मुखासमोर समुद्रतळ वेधून गाळाचे लांब नमुने काढण्यात आले. दख्खनचा बेसाल्ट आणि पूर्वेकडील अतिप्राचीन खडक यांतील निओडिमियम या द्रव्याची घडण निरनिराळी असल्यामुळे कोणता गाळ कोणत्या प्रदेशातला, हे ओळखता आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की गेल्या सुमारे चार हजार वर्षांत गोदावरीच्या खोऱ्यातील जमिनीची धूप फार वाढली. प्रथम पावसाळे रोडावून वनस्पतींचे आच्छादन विरळ झाले आणि पुढे शेतीच्या विस्ताराने त्यात भर घातली. मराठवाड्याच्या शिवारांचा जमाखर्च असा समुद्राच्या तळाशी लिहिलेला आहे.

पाताळाच्या बाजूचा शोध हिंदी महासागरातही चालू आहे. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेस १९२८ ते १९३० या काळातील 'डाना' या डॅनिश जहाजाच्या सफरीमुळे नाव मिळाले, आणि १९३३-३४ साली 'मबाहिस' या इजिप्शियन जहाजावरील जॉन मरे मोहिमेने तिचा अधिक शोध घेतला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली. तिच्या 'गवेषणी' या जहाजाने १९८१ च्या २६ जानेवारीस समुद्रतळावरील बहुधातूंचे गोळे वर काढले. हे गोळे उष्ण झऱ्यांचे अपत्य नव्हेत. ते लक्षावधी वर्षांत तिळातिळाने वाढतात. २०१६ साली भारताने झऱ्यांजवळच्या धातुगंधकाच्या साठ्यांचे अन्वेषण करण्याचा करार आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी केला आणि २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार झाला. प्रत्येकाचे क्षेत्र दहा हजार चौरस किलोमीटर. मध्यंतरी, २०२४ च्या डिसेंबरात, चेन्नई व गोवा येथील भारतीय संस्थांनी सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या एका जिवंत झऱ्याची छायाचित्रे मिळविली.

हे करार अन्वेषणाचे आहेत, खाणकामाचे नव्हेत. तो भेद विसरता कामा नये. या झऱ्यांवर अवलंबून राहणारे जीव इतरत्र बहुधा सापडत नाहीत. त्यांच्यापैकी लोहगंधकाचे खवले अंगावर वागविणारी एक गोगलगाय २००१ साली हिंदी महासागरात प्रथम आढळली. समुद्रतळावरील संभाव्य खाणींचा धोका ध्यानी घेऊन २०१९ साली ती संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घातली गेली. धातू खणून काढावयाचे म्हणजे धुरांडी फोडणे आणि तळाचा बारीक गाळ ढवळणे आलेच. ढवळलेला गाळ प्रवाहाबरोबर पसरून जेथे बसेल तेथील जीवसृष्टी गाडून टाकील. जो थर बसण्यास हजारो वर्षे लागली, तो पूर्ववत होण्यासही तितकाच काळ लागेल.

तांबे आणि जस्त यांची गरज राष्ट्राला आहे, हे खरे. म्हणूनच खणण्याचा निर्णय घेण्यापूर्वी त्या गाळात काय लिहिले आहे ते नीट वाचून घेतले पाहिजे. तो एकदा विस्कटला की त्यावरील अक्षरे पुन्हा जुळविता येणार नाहीत.