भिंतीआडच्या धुळीचा धंदा

न्यू जर्सीला किंवा शिकागोच्या उपनगरात लेकाकडे, लेकीकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांना एक गोष्ट हमखास खटकते, ती म्हणजे हॉलच्या जमिनीत जागोजागी बसवलेल्या जाळ्या. सत्यनारायणाच्या अक्षता, नातवाचे खडू, कानातल्याची फिरकी, जे हातून सुटेल ते त्यांच्यात जातं. थंडीत त्याच जाळीतून गरम हवा येते, उन्हाळ्यात गार. जाळीखालून पत्र्याचे बोगदे घरभर फिरवलेले असतात, तेच डक्ट. तळघरातल्या फर्नेसचा पंखा खोल्यांमधली हवा ओढून घेतो, फिल्टरमधून गाळतो, तापवतो किंवा थंड करतो आणि दुसऱ्या डक्टांमधून परत खोल्यांत सोडतो. बाहेरची ताजी हवा त्यात बहुतेक घरांत नसतेच. घरातलीच हवा दिवसभर घरात फिरते.

जाळी उचलून मोबाइलचा टॉर्च आत मारला की करडा थर दिसतो आणि पोटात गोळा येतो. हेच आपण श्वासात घेतो? या एका प्रश्नावर डक्ट साफ करण्याचा अख्खा धंदा उभा आहे.

नीट केलं तर काम बघण्यासारखं असतं. दारात व्हॅन उभी राहते. तिच्यात बसवलेल्या दांडग्या व्हॅक्यूमचा जाडजूड पाइप तळघरात उतरतो. फर्नेसजवळच्या मुख्य डक्टला गोल भोक पाडून तो तिथे जोडतात आणि घरातल्या सगळ्या जाळ्या झाकून टाकतात. यंत्र सुरू झालं की डक्टमधली हवा सतत त्या पाइपाकडे ओढली जाते. मग एकेक जाळी उघडून आत फिरता ब्रश घालायचा, किंवा टोकाला रबरी शेपट्या असलेली दाबाच्या हवेची नळी. शेपट्या आत फटाफट आपटतात, थर सुटतो आणि व्हॅक्यूमकडे पळतो. पत्र्यावरचा तो खडखडाट वरच्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. यंत्र व्हॅनऐवजी घरातच ठेवायचं असेल तर त्याला हेपा फिल्टर हवा, नाहीतर ओढलेली बारीक धूळ मागच्या बाजूने पुन्हा हॉलमध्ये. शेवटी पंख्याची पाती, हवा थंड करणारी कॉइल आणि तिच्याखालचा पाण्याचा ट्रे धुऊन, पाडलेलं भोक पत्रा लावून बंद करतात. या व्यवसायाची ‘नॅडका’ ही अमेरिकी संघटना १९८९ पासून आहे. नुसते डक्ट नव्हे, पंखा आणि कॉइलसकट सगळी यंत्रणा साफ व्हायला हवी, असं तिचे नियम सांगतात. एवढ्या कामाला दोन माणसांचे काही तास जातात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, एका यंत्रणेमागे साधारण ४५० ते १,००० डॉलर खर्च धरला आहे.

तेव्हा ‘अख्खं घर ९९ डॉलरमध्ये’ म्हणणारा अर्ध्या तासात काय करत असेल, ते समजून घ्या. तो जाळ्यांच्या तोंडाशी व्हॅक्यूम फिरवतो, मग चेहरा गंभीर करून आत बुरशी असल्याचं सांगतो आणि जंतुनाशक फवाऱ्याचे वेगळे पैसे मागतो. बुरशी खरीच आहे का, हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या, असं ईपीए सांगतं.

आता मुख्य प्रश्न. डक्ट साफ केल्याने आजार टळतात, हे अजून सिद्ध झालेलं नाही. ईपीए १९९७ पासून आपल्या माहितीपत्रात हेच सांगत आलं आहे. कारण साधं आहे. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसलेली असते, ती उठून नाकात येईलच असं नाही. डक्टमध्ये डोळ्यांना दिसणारी बुरशी माजली असेल, उंदीर-किडे शिरले असतील, किंवा धुळीने मार्ग इतका तुंबला असेल की ती जाळीतून बाहेर उडते, तर मात्र साफ करून घ्यावेत. माझ्या मते नव्या किंवा नुकत्याच दुरुस्त केलेल्या घरातला लाकडाचा भुसा आणि भिंतींची पांढरी भुकटी हेही रास्त कारण आहे. दरवर्षी नेमाने करण्यासारखं मात्र हे काम नाही.

घरातली हवा बिघडते ती जास्त करून जमिनीच्या वर. कढईतल्या फोडणीचा धूर, देवापुढची उदबत्ती, धूप, कापूर. अनेक अमेरिकी घरांत शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतच नाही, जाळीतून गाळून परत स्वयंपाकघरात सोडतो. तो धूर घराबाहेर जाईल अशी सोय करून घेणं हा डक्ट घासण्यापेक्षा शहाणा खर्च. डक्टच्या सांध्यांतूनही सर्वसाधारण घरात २० ते ३० टक्के हवा वाया जाते. गंमत म्हणजे ‘डक्ट टेप’ नावाची जगप्रसिद्ध पट्टी नेमकी डक्टवरच टिकत नाही. १९९८ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेने ते तपासून दाखवलं. सांधे बुजवायला मॅस्टिक नावाचा लेप लावतात.

एक नळी मात्र खरोखर नियमाने साफ करावी, कपडे वाळवणाऱ्या ड्रायरची. तिच्यात कपड्यांचा कापसासारखा भुगा साठतो आणि पेटतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अंदाजानुसार तिथे वर्षाला सुमारे २,९०० घरांत ड्रायरमुळे आग लागते, आणि सफाई न करणं हे तिचं पहिलं कारण आहे.

बाकी उरतो तो फर्नेसचा फिल्टर. चौकटीवर छापलेलं माप बघा, १६ बाय २५ बाय १ किंवा जे असेल ते. चौकटीवरच्या बाणाचं टोक फर्नेसकडे ठेवून बसवा. यंत्रणेला पेलत असेल तर बारीक धूळ गाळणारा ‘मर्व्ह १३’ दर्जाचा घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी बदला. त्या ९९ डॉलरांत वर्षभराचे फिल्टर येतात.