निवृत्तांचे नगर

विद्यापीठातल्या एखाद्या वयोवृद्ध प्राध्यापकांच्या नावापुढे ‘एमेरिटस’ हे बिरूद लागले की आपण आदराने मान डोलावतो. मराठीत आपण त्यांना ‘गुणश्री प्राध्यापक’ म्हणतो. पण या शब्दाचा मूळ धनी प्राध्यापक नव्हे, शिपाई! रोमन सैन्यात नेमून दिलेली वर्षे इमानाने नोकरी करून जो सुटला, तो ‘एमेरितुस’. आणि अशा सुटलेल्या शिपायांसाठी इ. स. पूर्व २५ मध्ये सम्राट ऑगस्टसने स्पेनच्या नैर्ऋत्येकडे एक शहरच वसवून दिले. त्याचे नाव ‘ऑगस्टा एमेरिता’. पुढे अरबांच्या तोंडी त्याचे ‘मारिदा’ झाले आणि आज स्पॅनिश लोक त्याला ‘मेरिदा’ म्हणतात. पेन्शनरांची वसाहत म्हणून जन्मलेले आणि दोन हजार वर्षे टिकलेले असे दुसरे गाव जगात क्वचितच असेल.

माझा धाकटा बंधू नोकरीनिमित्त माद्रिदला असतो. मे महिन्याच्या सुट्टीत मी, सौ. आणि दहा वर्षांची आमची कन्या असे त्रिकूट त्याच्याकडे जाऊन थडकले. “बार्सिलोना पाहा, ग्रानादा पाहा,” असे तो सांगत होता. पण मराठीचा मास्तर शब्दामागे धावतो. मेरिदाच्या नावाची ही कुळकथा वाचल्यापासून ते गाव माझ्या डोक्यात घर करून होते. शेवटी एका सकाळी आम्ही मोटारगाडीने निघालो. माद्रिदहून मेरिदा सुमारे साडेतीनशे किलोमीटर. गावाची वस्ती साठेक हजारांची, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तरी एस्त्रेमादुरा या प्रांताची ही राजधानी आहे. रोमन काळी तर ती लुसितानिया या मोठ्या प्रांताची राजधानी होती. गोव्यात काही काळ राहून गेलेल्या पोर्तुगीज महाकवी कामोइंशने आपल्या लोकांना ज्या लुसितानियावरून नाव दिले, तोच हा प्रांत. गंमत अशी, की लुसितानियाचे नाव पोर्तुगीजांनी घेतले आणि राजधानी मात्र राहिली स्पेनमध्ये!

गावात पाऊल टाकताच पहिला धडा मिळाला तो भाषेचाच. उतरण्यासाठी जी छोटी खाणावळवजा जागा घेतली होती, तिथल्या मालकीणबाईंनी आमच्या हातात किल्ली ठेवली व ‘यावे’ असे काहीसे म्हणाल्या. कन्येला वाटले, बाई मराठीत स्वागतच करताहेत! स्पॅनिशमध्ये ‘यावे’ म्हणजे किल्ली. हा शब्द लॅटिनमधल्या ‘क्लाविस’चा वंशज. त्याचाच पोर्तुगीज भाऊ ‘शावे’. तो गलबतात बसून आपल्या किनाऱ्याला लागला आणि आपण त्याची ‘चावी’ केली. संध्याकाळी उपाहारगृहात बंधूने बिल देण्यासाठी ‘पगार’ हा शब्द उच्चारला तेव्हा सौ.ने कान टवकारले. “इथेही पगारच का?” पगार म्हणजे देणे, चुकते करणे. त्याचेही मूळ लॅटिनच, आणि त्या मूळ धातूचा अर्थ ‘शांत करणे’! देणेकऱ्याने घेणेकऱ्याला शांत करावे, तो पगार. महिन्याच्या पहिल्या तारखेला मध्यमवर्गीय घरात जी शांतता नांदते तिची व्युत्पत्ती अशी दोन हजार वर्षे मागे जाते, हे मला त्या दिवशी नव्याने पटले.

जेवणाचीही एक मौज सांगतो. या भागात ‘मिगास’ नावाचा पदार्थ करतात. शिळा पाव कुस्करून, ऑलिव्हच्या तेलात लसूण व लाल तिखटावर परतायचा. (त्यात मांसाचे तुकडे घालतात, ते आमच्यासाठी वगळायला सांगावे लागले.) पहिला घास घेताच सौ. म्हणाली, “अहो, ही तर फोडणीची पोळी!” एस्त्रेमादुराचे लाल तिखट स्पेनभर प्रसिद्ध आहे. मेक्सिको जिंकणारा कोर्तेस आणि पेरू जिंकणारा पिसारो हे दोघेही याच प्रांताचे सुपुत्र. मिरची ही अमेरिकेची लेक. एका वाटेने ती इथे आली, दुसरीने पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे. दोन्हीकडच्या गृहिणींनी तिला शिळ्या अन्नाच्या उद्धारास लावले!

दुसऱ्या दिवशी सकाळी नाट्यगृह पाहिले. इ. स. पूर्व १६-१५ च्या सुमारास ऑगस्टसचा जावई आणि सेनापती आग्रिपा याच्या आश्रयाने ते उभे राहिले. अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्या, समोर रंगमंच, आणि त्यामागे निळसर संगमरवरी खांबांची दुमजली भिंत. खांबांच्या मधून देवदेवतांचे पुतळे प्रेक्षकांकडे पाहत असतात. (अस्सल पुतळे संग्रहालयात, इथे नकला.) पुढच्या रांगा प्रतिष्ठितांच्या, अगदी वरच्या गोरगरिबांच्या. म्हणजे तिकिटांचे दर तेव्हाही रांगेप्रमाणेच!

एका शाळेची सहल आली होती. त्यांच्या मास्तरांनी मुलांना वरच्या रांगेत बसवले आणि एकेका मुलाला रंगमंचावर पाठवून काहीतरी म्हणायला लावले. आमची कन्या टक लावून पाहत होती. मास्तरांनी हसून तिलाही खूण केली. ती गेली खरी, पण ऐन वेळी काही आठवेना. मग तिने खणखणीत आवाजात बेचा पाढा सुरू केला. मी सर्वांत वरच्या पायरीवर होतो. ‘बे दाहे वीस’पर्यंतचा एकेक शब्द मला स्वच्छ ऐकू आला. ध्वनिक्षेपक नाही, काही नाही. स्पॅनिश पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आग्रिपाने हे नाट्यगृह बांधवले तेव्हा इथे कधी मराठी पाढा घुमेल असे त्याच्या स्वप्नातही आले नसेल.

पण हे नाट्यगृह कितीतरी शतके मातीखाली मुके पडले होते. रोमन सत्ता गेली, नाटके थांबली, जागा मातीने भरत गेली. जमिनीवर डोकावत राहिले ते फक्त वरच्या पायऱ्यांचे सात मोठे तुकडे. लोक त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणू लागले. सात मूर राजे या खुर्च्यांवर बसून गावाचे भवितव्य ठरवीत असत, अशी दंतकथाही रचली गेली. १९१० साली होसे रामोन मेलिदा या पुरातत्त्वज्ञाने खणायला सुरुवात केली, तेव्हा त्या खुर्च्यांखालून हे सगळे वैभव वर आले. १९३३ साली या रंगमंचावर पुन्हा नाटक झाले, ‘मेदेआ’. लेखक सेनेका, म्हणजे स्पेनमधल्याच कोर्दोबात जन्मलेला रोमन. स्पॅनिश अनुवाद थोर विचारवंत उनामुनो यांचा. मेदेआच्या भूमिकेत मार्गारिता शिर्गू ही त्या काळची अव्वल दर्जाची नटी. पुढे तीनच वर्षांनी यादवी युद्धाचा वणवा पेटला. १९३६ च्या ऑगस्टमध्ये फ्रँकोच्या फौजांनी मेरिदा घेतले. नाट्यप्रयोगांच्या दौऱ्यावर अमेरिकेत गेलेली शिर्गू पुन्हा कधीच मायदेशी परतली नाही. १९६९ साली उरुग्वेत तिचा अंत झाला. दोन हजार वर्षांचे दगड तिच्यासाठी जागे झाले आणि तिला मात्र घरी येता आले नाही! आज दर उन्हाळ्यात येथे प्राचीन नाटकांचा मोठा महोत्सव भरतो.

शेजारीच आहे अँफिथिएटर, ग्लॅडिएटरांच्या झुंजींचा आखाडा. गावाबाहेर रथांच्या शर्यतींचे मैदान. हे तिन्ही एकाच दिवशी पाहिले म्हणजे काही आकडे मनात घर करतात. नाट्यगृहात माणसे मावत सुमारे सहा हजार. झुंजींच्या आखाड्यात सुमारे पंधरा हजार. शर्यतींच्या मैदानात सुमारे तीस हजार! नाटकवाल्यांनी प्रेक्षक कमी म्हणून काळाला दोष देऊ नये, एवढाच बोध मी घेतला. सौ. मात्र आखाड्याच्या कठड्याशी बराच वेळ गप्प उभी होती. शेवटी म्हणाली, “इथे माणूस मरताना पंधरा हजार लोक ओरडत असतील. आणि आपण तिकीट काढून कौतुक करतोय.” या प्रश्नाला उत्तर नव्हते. मोठ्या वास्तू पाहताना त्या कोणाच्या घामावर आणि रक्तावर उभ्या राहिल्या हे विसरू नये, एवढे खरे.

गावाच्या मधोमध एक रोमन मंदिर आहे. त्याला ‘दियानाचे मंदिर’ म्हणतात, पण ते खरे सम्राटपूजेचे. त्याचे ग्रॅनाइटचे उंच खांब आजही उभे आहेत याचे कारण मोठे मासलेवाईक आहे. पुढच्या काळात एका सरदाराने या खांबांच्या आतच आपला वाडा बांधला. खांब पाडणे त्याला परवडणारे नव्हते. तेच वाड्याचा आधार झाले! नदीकाठी अमीर दुसरा अब्दुर्रहमान याने इ. स. ८३५ मध्ये बांधलेला किल्ला आहे. त्याच्या तटात रोमन चिरे आहेत. आत पाण्याचे एक भुयारी टाके आहे. नदीचे पाणी झिरपून, गाळून त्यात येते. त्याच्या दाराशी लावलेले कोरीव खांब मुसलमानांच्या आधीच्या विसिगॉथ ख्रिस्ती कारागिरांच्या हातचे. आणि गावची ग्रामदेवताच म्हणावी अशी संत एउलालिया! इ. स. ३०४ च्या सुमारास, रोमन देवांना नैवेद्य दाखवायला नकार दिला म्हणून जिवंत जाळलेली बारा वर्षांची पोर, अशी परंपरा सांगते. तिच्या चर्चसमोरच्या लहानशा देवळाचा दर्शनी भाग रोमनांच्या युद्धदेवाच्या, मार्सच्या, मंदिराचे दगड आणून केला आहे. ज्या देवांपुढे तिने मान वाकवली नाही, त्यांच्यापैकी एकाचे दगड आता तिचा दरवाजा धरून उभे आहेत.

हे पाहताना मला आमच्या एम. ए.च्या वर्गाची आठवण येत होती. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी उठून विचारतोच, “सर, सातशे वर्षांपूर्वीचे मराठी शिकून उपयोग काय?” वर्गातली संख्या वर्षागणिक रोडावत असताना हा प्रश्न नुसता पोराचा राहत नाही, रात्री दिवा मालवल्यावर तो मलाही झोपू देत नाही. मी आजवर परंपरा, अस्मिता असली मोठी उत्तरे देत आलो. मेरिदाचे उत्तर साधे आहे. जुन्या वास्तू इथे टिकल्या त्या पूजेने नव्हे, वापराने. कोणी खांबांत संसार थाटला, कोणी चिऱ्यांचा तट केला. आपली भाषाही तशीच नाही का? आपण ‘चावी’ने कुलूप उघडतो, ‘पगार’ मोजतो, ‘तारीख’ पाहतो, आणि त्यात लॅटिन, अरबी असे किती चिरे बसले आहेत याचा आपल्याला पत्ताही नसतो. जुने मराठी शिकायचे ते आपण कोणाच्या भिंतींत राहतो हे कळावे म्हणून.

अर्थात वापराची दुसरी बाजूही आहे. जो चिरा तटात गेला तो मूळ इमारतीतून गेलाच. म्हणून आज मेरिदात कडक नियम आहे : पाया खणायचा तर आधी पुरातत्त्वज्ञांनी जमीन तपासली पाहिजे. आमच्या मालकीणबाईंना मागच्या अंगणात एक खोली वाढवायची होती. खाली जुनी भिंत निघाली आणि काम अडले. “रोमन मेले, पण घरमालक अजून तेच आहेत!” असे त्या हात उडवून म्हणाल्या. तक्रार खरी होती. पण दुसऱ्या क्षणी त्याच बाई आम्हांला ती भिंत दाखवायला मोठ्या हौशीने अंगणात घेऊन गेल्या!

संग्रहालय पाहिल्यावाचून मेरिदा सोडू नये. राफाएल मोनेओ या वास्तुकाराने बांधलेली ही विटांच्या प्रचंड कमानींची इमारत १९८६ मध्ये खुली झाली. नवी असून ती रोमनांच्या शेजारी शोभते, आणि तिच्या तळघरात जागच्या जागी राखलेले जुने अवशेष आहेत. १९९३ मध्ये युनेस्कोने इथल्या प्राचीन वास्तूंना जागतिक वारशाचा मान दिला. तिथल्या मूर्ती पाहताना मला कोल्हापूरची आठवण झाली. १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी रोमन काशाची मूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे. स्पेनला जाणे न जमले तरी कोल्हापूरला जाता येईल!

गावाबाहेर ‘चमत्कारांचा’ म्हणून ओळखला जाणारा जलमार्ग आहे. सुमारे २५ मीटर उंचीचे, दगड-विटांच्या पट्ट्यांचे त्याचे खांब. पाच किलोमीटरवरच्या प्रोसेर्पिना धरणाचे पाणी त्यावरून गावात येई. पाणी केव्हाच थांबले, आता माथ्यावर करकोच्यांनी घरटी केली आहेत. धरण मात्र अजून पाणी धरून आहे आणि उन्हाळ्यात गावची पोरे त्यात डुंबतात.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही ग्वादियाना नदीवरच्या रोमन पुलावर गेलो. नदीच्या नावातही अरबी ‘वादी’ आणि जुने ‘आनास’ असे दोन दगड एकमेकांवर बसले आहेत. पूल जवळजवळ ७९० मीटर लांब, कमानी साठ. पुरांनी आणि लढायांनी काही कमानी वेळोवेळी पाडल्या, इ. स. ४८३ मध्ये विसिगॉथांनी तो दुरुस्त केल्याची नोंद आहे, आणि नंतरच्या पिढ्यांनीही आपापला हात लावला. १९९१ साली शेजारी नवा पूल झाला, तोवर मोटारी याच पुलावरून धावत होत्या. आता तो पायी चालणाऱ्यांचा आहे. ऊन कलले तसे गावचे म्हातारे काठी टेकीत, दोघे-तिघे मिळून पुलावर फिरायला आले. पलीकडच्या टोकाला जाऊन वळत, पुन्हा येत. नोकरी संपलेली माणसे होती ती. त्यांतल्या एकाने कन्येच्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी विचारले. बंधूने भाषांतर केले : “कुठून आलात?” “महाराष्ट्रातून,” कन्या म्हणाली. आजोबांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला, हसले, आणि मित्रांबरोबर पुढे चालू लागले.