बीज तेच, जागा वेगळी

पेरावे तसे उगवते, ही म्हण शेतकऱ्याच्या अनुभवातून आलेली आहे. परंतु रानात आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींकडे पाहिले, म्हणजे ‘कोठे पेरले’ हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

ब्राझीलमध्ये रिओ-दि-जानेरोजवळ सेपेतिबा नावाचा उपसागर आहे. तेथे खारफुटीची एकच जात दोन प्रकारच्या जागी वाढते. नदीकाठची झाडे उंच व रुंद पानांची, तर खाऱ्या दलदलीतील झाडे ठेंगणी व लहान पानांची. या दोहोंची तुलना २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या जनुकांत फारसा भेद आढळला नाही. भेद आढळला तो जनुकांवरील खुणांत.

या खुणा कसल्या? जनुके डीएनए या द्रव्याची बनलेली असतात आणि त्या द्रव्याला ठिकठिकाणी मिथाइल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटतो. मूळ मजकूर तसाच राहतो. मात्र पोथीच्या समासात ‘हे वाचू नये’ अशी खूण करावी, तसे होऊन पुष्कळदा ते जनुक मूक राहते. अशा भेदांना अधिजनुकीय भेद म्हणतात.

परंतु खुणा वेगळ्या आढळल्या, एवढ्यावरून त्या परिस्थितीनेच केल्या, असे सिद्ध होत नाही. त्यासाठी जनुके एकसारखी असलेली रोपे हवीत. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानटी रोपाच्या काही प्रकारांत फलनाविनाच बी धरते. त्यामुळे संतती जनुकांनी मातेसारखीच निपजते. नेदरलँड्समधील संशोधकांनी अशा काही रोपांना मिठाचा, तर काहींना अपुऱ्या पोषणाचा ताण दिला. त्यांच्या काही खुणा बदलल्या. आणि संतती ताणाविना वाढवली असताही त्यांतील बहुतेक बदल तिच्यात उतरले.

मातेच्या कष्टांनी संतती शहाणी होते, असा याचा अर्थ नव्हे. कोणती खूण उपयोगी आणि ती किती पिढ्या टिकते, हे प्रत्येक वेळी प्रयोगानेच ठरवावे लागते. कित्येक खुणा पुढे पुसूनही जातात. तरीही जागचे हलता न येणाऱ्या वनस्पतीला ही लवचिकता मोलाची आहे. निसर्गाच्या निवडीने जनुकांत पालट होण्यास अनेक पिढ्या लागतात. हवामान मात्र आता एका वृक्षाच्या आयुष्यातच पालटत आहे. म्हणून रान राखावयाचे, तर नुसते बी साठवून भागणार नाही. ते बी जेथे वाढते, त्या खाऱ्या, कोरड्या, ओल्या जागाही राखल्या पाहिजेत.